विहाराचा गिलावा

रत्नागिरीच्या बाजारात एका जिन्याखालच्या खोलीवर मी 'आर्किटेक्ट' अशी पाटी लावली आणि त्याच आठवड्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. एक बाई पिशवीतून इस्त्री घेऊन आल्या होत्या. तापत नव्हती. आर्किटेक्ट म्हणजे काय, हे मी त्यांना सविस्तर समजावलं. मुंबईच्या कॉलेजात पाच वर्षं जे शिकलो होतो ते सगळं त्यात आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इस्त्रीचं कोण बघतं?"

मी पलीकडच्या गल्लीतला माणूस सांगितला. त्या महिन्यात माझ्या सल्ल्याचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

हा काळ ऐंशीनंतरचा. रत्नागिरीत तेव्हा घर बांधायचं तर लोक गवंड्याकडे जात आणि गवंडी नकाशावर सही लागते म्हणून माझ्याकडे पाठवी. मी संडास काढले, गोठ्याच्या पडव्या काढल्या, कौलं उतरवून टाकायचे स्लॅब काढले. या धंद्याची एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. नकाशा काढायला आलेला माणूस पहिला तासभर आपल्या सख्ख्या भावाबद्दल बोलतो. तो तास निमूट ऐकला की पुढचं काम सोपं, कारण भिंत कुठे हवी आहे ते त्यातच कळलेलं असतं. हे शहाणपण मला फार उशिरा आलं. सुरुवातीला मी गिऱ्हाइकाला ऐकवायचो. मी दाढीही ठेवली होती. आर्किटेक्टला दाढी असते असं माझं मत होतं. माझ्या बायकोचं मत वेगळं होतं, पण ती ते पाहुण्यांसमोर सांगत नसे.

तर अशा दाढीच्या दिवसांत आमच्या वाडीचं काम माझ्याकडे आलं.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अंगाला. गावाच्या खालच्या टोकाला, कातळाचा सडा संपून खाडीकडे उतार लागतो तिथे आमची बौद्धवाडी. धर्मांतरानंतर वाडीत जी पहिली पोरं जन्मली त्यांतला मी, म्हणून माझं नाव अशोक. त्याच दोन वर्षांत आणखी तीन अशोक जन्मले. कुणी हाक मारली की चौघे 'ओ' द्यायचे आणि काम सांगितलं की चौघेही गप्प.

धर्मांतराआधी आमच्या माणसांना गावच्या देवळाची पायरी ठाऊक होती, आतलं काही ठाऊक नव्हतं. धर्म बदलला, घरातले देव ओढ्यात सोडले आणि मग प्रश्न पडला, आता जमायचं कुठे? काही दिवस एका रायवळ आंब्याखाली वंदना होई. पाऊस आला की धर्म आपापल्या घरी जाई. मग हॉल बांधायचं ठरलं. वाडीतले निम्मे पुरुष चिरेखाणीवर होते. चिरा म्हणजे जांभ्या दगडाची कापून काढलेली मोठी वीट. एक उचलली तरी रात्री कमरेला तिची आठवण राहते. गावातली सगळी मोठी घरं आमच्या आजोबांनी कापलेल्या चिऱ्यांवर उभी होती. त्यांची स्वतःची घरं मात्र कुडाची, म्हणजे काठ्या विणून वर मातीने लिंपलेली. हॉलसाठी खाणीच्या मालकाने कोपरे उडालेले चिरे न्यायला परवानगी दिली. बैलगाडी कुणी दिली नाही. बायकांनी डोक्यावरून आणले.

त्या हॉलला सगळे समाजमंदिर म्हणत. भिंतीवर दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक कोणाची ते मराठी वाचकाला सांगायला नको. तिथे लग्नं लागत, भांडणं मिटत, रात्रीचा वर्ग भरे. मी बाराखडी तिथेच शिकलो. मुंबईला पहिल्यांदा निघालेला पोरगा ट्रंक घेऊन आधी तिथे जाई आणि मग एसटीला.

मी पाटी लावली त्या सुमाराला हॉलची एक भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली. मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत नोकरीला असलेल्या वाडीकरांच्या संघटनेने, ठरवलं की डागडुजी नको, नवं विहार बांधू. आणि आपल्याच पोराकडून बांधू.

मंडळाचे सेक्रेटरी श्रीधर तांबे. वाडीत त्यांना तांबेभाऊ म्हणत. मुंबईला पालिकेच्या पाणीखात्यात होते. सभेची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरी जेवतानाही 'माझी अशी सूचना आहे की आमटी वाढावी' असं म्हणत, अशी वदंता होती.

मी थर्माकोल आणि काड्यापेटीच्या काड्यांचं मॉडेल बनवून नेलं. सपाट छप्पर, लांबट बारीक खिडक्या, कुठे गिलावा नाही, नुसता लाल उघडा चिरा. पाच वर्षांत पाहिलेली सगळी परदेशी छायाचित्रं मी त्यात ओतली होती. हॉलच्या ओटीवर मॉडेल ठेवलं आणि वाडी गोळा झाली. सगळ्यांत पुढे सोनाकाकी. आमच्या शेजारची, सत्तरीची, चार माणसांएवढं काम करणारी आणि सहा माणसांएवढं बोलणारी. तिने वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"बेस झालंय," ती म्हणाली. "दाराला कडी ठेव पन. नायतर मुंगूस शिरंल."

"काकी, हे खुराडं नाही. विहार आहे."

"आसंल," ती म्हणाली, आणि मागच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

तांबेभाऊंनी पिशवीतून कॅलेंडरचं एक पान काढलं. त्यावर मोठ्या पांढऱ्या घुमटाचा स्तूप होता. "मंडळाची अशी भावना आहे," ते म्हणाले, "की घुमट असावा."

मी भाषण केलं. सामग्रीशी प्रामाणिक असणं म्हणजे काय, सजावट हा कसा खोटेपणा असतो, असं पुष्कळ बोललो. शेवटी म्हणालो, "दगड दगडासारखा दिसला पाहिजे."

"आणि विहार विहारासारखं," तांबेभाऊ म्हणाले. मग सभेची भाषा सोडून साध्या आवाजात बोलले, "अशोक, वरच्या रस्त्यानं एसटी जाते. तिच्यातनं गावचं देऊळ दिसतं, शाळा दिसते. आपली वाडी कुणाला दिसत नाय. खिडकीतल्या माणसाला कळायला पायजे, इथं कोण ऱ्हातं ते."

मी पुढच्या पोर्चवर छोटा घुमट कबूल केला आणि सपाट छपराऐवजी कौलांवर आलो, कारण इथल्या पावसात सपाट छप्पर गळतं हे मुंबईच्या प्राध्यापकांना ठाऊक नसलं तरी मला असायला हवं होतं. गिलाव्याचा विषय मात्र मी काढला नाही. घुमट देऊन चिरा वाचवला, या आनंदात मी घरी आलो. कॉलेजातल्या एका सरांना पत्रही टाकलं. ते एका इंग्रजी मासिकात इमारतींवर लिहीत. त्यांनी कळवलं, काम झालं की बघायला येतो, कॅमेरा घेऊन येतो.

दिवाळीनंतर जुना हॉल उतरवला आणि भिंती चढू लागल्या. गवंडी गणपत चिपळूणकडचा, हाताचा फार बारीक. मी त्याला सांगितलं होतं की हे सांधे दिसणार आहेत. त्याने ते असे मारले की दोन चिऱ्यांमधून पोस्टकार्ड जाणार नाही. वाडीतल्या बायका रोज पाणी आणि वाळू वाहायच्या. ठेका देण्याइतकी ऐपत नव्हती, त्यामुळे अंगमेहनत सगळी वाडीची. सोनाकाकी येता-जाता विचारायची, "गिलावा कवा?" मी म्हणायचो, "बघू."

भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओतला तेव्हाची गोष्ट. काँक्रीट ओतलं की काम संपलं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर पुढचा आठवडाभर त्याला सतत पाणी पाजावं लागतं. तहानलं तर भेगा जातात आणि सगळं वाया. त्या दिवशी काकीने हंडा खाली ठेवून पुन्हा विचारलं. आसपास सगळ्या बायका होत्या. मी म्हटलं, आता सांगून टाकावं.

"काकी, गिलावा करायचाच नाही. असंच ठेवायचं. हेच सुंदर दिसतं."

"आसंच?"

"असंच उघडं. जांभा श्वास घेतो."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तुला उघडं येवडं आवडतं, तर तू फिर की उघडा."

बायका हसल्या नाहीत. त्यांनी हंडे उचलले आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाण्याला कुणी आलं नाही. गणपत पट्ट्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, हे तापाय लागलंय." पुरुष कामावर, पोरं शाळेत. विहीर उताराच्या पायथ्याशी. तांबेभाऊ नेमके रजेवर आलेले होते. मी हंडा उचलला, त्यांनी घागर उचलली.

माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत अवघड बांधकाम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी तो हंडा सांगतो. डोक्यावर राहीना, खांद्यावर बसेना. कमरेवर घेतला तर पँट भिजली. विहिरीवरून वर येणारी पाऊलवाट सोनाकाकीच्या अंगणावरून जाते आणि त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या बायका नेमक्या तिथेच सुकट निवडायला बसल्या होत्या. कुणी टिंगल केली नाही. उलट सल्ले मिळाले.

"डावीकडं कलू नको, बाला. पाय जातो."

"दाढी पुस. पानी गळतंय."

तांबेभाऊंची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. धापा टाकत ते मला म्हणाले, "निम्म्या मुंबईला मी पाणी सोडतो, अशोक. चावी फिरवून." पुढच्या वळणावर त्यांनी घागर खाली ठेवली आणि बसले. सूचना, भावना, काहीच मांडलं नाही.

दुपारपर्यंत आम्ही जेवढं नेलं तेवढं पट्ट्याने दोन घोटांत पिऊन टाकलं. माझ्या तळहातांना फोड आले होते. मी भिंतीच्या सावलीत बसलो होतो तेव्हा सोनाकाकी आली. एकटीच. तिच्या डोक्यावर भरलेला हंडा होता आणि त्यातून थेंब सांडत नव्हता. तिने तो गणपतकडे वर दिला आणि माझ्याशेजारी बसली.

"रागावलास?"

"नाही काकी. पण तुला कळत नाही ते. मोठ्या शहरांत आता लोक मुद्दाम असं..."

"माझं लगीन होऊन वरीस झालं नव्हतं," ती म्हणाली. माझं वाक्य तिने ऐकलंच नव्हतं. "ननंदेचं लगीन निघालं. सासरा खानीवर होता. त्यानं खाडीवरनं शिंपल्यांचा चुना आनला आनि घराची पुडची भिंत पांढरी केली. कुडाचीच भिंत, पन पांढरी. बघाय सगळी वाडी आली. दुसऱ्या दिसाला खोताचा मानूस आला. बोलला, लांबनं बघताना कुनाचं घर ता समजत नाय. काडून टाका."

"मग?"

"मंग काय. वऱ्हाड यायच्या आदी काडली. मी आनि सासू. कोयत्यानं खरवडली. सासू बोलली, हळू, खालची माती येईल." तिने पायाशी पडलेला चिऱ्याचा तुकडा उचलला, बघितला आणि परत ठेवला. "मंग त्यो जुना हॉल बांधला. गिलाव्याला पुरलं नाय. आमी बोललो, ऱ्हाऊंदे, फुडल्या वर्षी करू. आसं दर वर्षी बोललो. आता तू शिकून आलास, समदं पुरतंय, आनि तूच बोलतस, नाय करायचा."

वाडीचा इतिहास मला येतो अशी माझी समजूत होती. एप्रिलातल्या जयंतीला मी त्यावर व्यासपीठावरून बोलत असे, टाळ्या मिळत. ही भिंत त्या भाषणात नव्हती. तीस पावलांवर राहणाऱ्या म्हातारीला मी कधी काही विचारलंच नव्हतं. जांभा श्वास घेतो, हे वाक्य मी पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. चांगलं होतं, पण ते आता कुणाला सांगायचं ते कळेना.

"रंग कुठला हवा?" मी विचारलं.

"पांढरा," ती म्हणाली. "लांबनं दिसंल आसा."

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधी पाण्याची पिंपं भरलेली होती.

गणपतची समजूत घालणं जास्त जड गेलं. गिलावा चिकटून राहायला भिंत खरबरीत लागते, त्यामुळे ज्या चिऱ्यांचे चेहरे त्याने महिनाभर गुळगुळीत ठेवले होते त्यांनाच आता टोचे मारायचे होते. तो एक टोला मारायचा आणि माझ्याकडे बघायचा. पुन्हा एक टोला, पुन्हा माझ्याकडे. मी रस्त्याकडे बघत उभा राहायचो. "आत तरी काय राखायचं?" त्याने विचारलं. मी काकीकडे बघितलं. ती म्हणाली, "आत काय, बाहेर काय. अर्धं नेसून कुनी लग्नाला जातं?"

घुमटाची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात माझी शोभा फारशी नाही. घुमट ओतायचा तर आधी खालून त्याच आकाराचा लाकडाचा साचा उभारावा लागतो. बांबू, फळ्या आणि वर मातीचा लेप देऊन आम्ही तो उभारला. ओतताना एका बाजूचा टेकू जमिनीत बोटभर रुतला. साचा काढला तेव्हा घुमट रस्त्याच्या दिशेने किंचित वाकलेला होता. मी पाडायला निघालो होतो. तांबेभाऊंनी लांब जाऊन, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. एसटीतल्या माणसांना जयभीम करतोय." सभेने ते एकमताने मंजूर केलं. घुमट आजही तसाच आहे.

आणि चुना लावायच्या दिवशी माझे सर आले. गिलाव्याचं मी त्यांना पत्राने कळवायचं टाळत होतो, त्याचं हे फळ. गुहागरच्या एसटीतून ते वरच्या रस्त्याला उतरले, गळ्यात कॅमेरा, पायात पांढरे बूट. खाली वाडीतल्या बायका काथ्याचे कुंचले घेऊन भिंतीला लागल्या होत्या. पोरांच्या केसांत चुना, कुत्र्याच्या पाठीवर चुना. सोनाकाकी शिडीवर. तिला वर चढू नको म्हणणारे तीन पुरुष खाली शिडी धरून उभे.

सरांनी चहूकडे नजर फिरवली. "अशोक, तू लिहिलं होतंस, उघडा जांभा."

"होता सर. आत आहे."

"हे कुणी ठरवलं?"

"मालकांनी," मी म्हणालो, आणि शिडीकडे बोट केलं.

काकीने वरून विचारलं, "कोन रे ते?"

"माझे सर. मुंबईहून आलेत. शिकवतात."

"बरं झालं. पलीकडची खालची बाजू ऱ्हायलीय." तिने कुंचला खाली सोडला. तो सरांच्या पायाशी पडला. रिकाम्या हाताने उभा असलेला माणूस तिला बघवत नसे, मग तो कुणी का असेना.

सरांनी जरा विचार केला, कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि बाह्या सरसावल्या. बेताचाच चुना लावला त्यांनी, पण मनापासून लावला. नंतर पंगतीत बसून भात आणि सुकटीचं कालवण जेवले, बोटं चाटली. निघताना बुटांकडे बघून म्हणाले, "छान बुडवलंस मला." मासिकात काहीच आलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर छान दिसेल, पण पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

वैशाखी पौर्णिमेला भन्ते आले, वंदना झाली. दोन दिवसांनी काकीच्या नातीचं लग्न तिथे लागलं. वरच्या रस्त्यावर वऱ्हाडाची गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरने कुणाला पत्ता विचारला नाही. मी तिथे स्वागताला उभा होतो. तो माझ्याकडे न बघताच खाली वळला.

त्यानंतर माझं नाव झालं. मला हवं होतं तसं नव्हे. संगमेश्वर, चिपळूण, लांजा, जिथे जिथे बौद्धवाडीत विहार निघालं तिथली माणसं जिन्याखालच्या माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "तुमीच ना ते घुमटवाले?" पहिल्यांदा मी पाटीकडे बोट दाखवलं. मग दाखवायचं सोडून दिलं. एका वाडीने तर घुमट तसाच वाकडा मागितला. पुढे झुकलेला घुमट ही शास्त्रोक्त पद्धत असावी, असा त्यांचा समज झाला होता. मी सरळ काढून दिला. ते जरा हिरमुसले.

उघड्या चिऱ्याचं घर बांधायची माझी इच्छाही पुरी झाली, पण ती दुसऱ्याच माणसाने केली. पोफळीच्या वीजप्रकल्पातून निवृत्त झालेले एक साहेब आले. गुहागरकडे सुपारीच्या बागा असलेलं घराणं. सगळी नोकरी कॉलनीच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली होती आणि गिलावा, डिस्टेंपर, ऑइलपेंट यांना ते विटले होते. "मला नुसता चिरा पाहिजे," ते म्हणाले. "आत-बाहेर. काही लावायचं नाही." मी खुर्चीवरून उठून त्यांचा हात धरला. गणपतला बोलावलं. त्याने पहिल्या दिवशीच मला विचारलं, "साहेब, नक्की ना? नंतर टोचे मारायचे नाहीत ना?" घर देखणं झालं. संध्याकाळच्या उन्हात ते पेटल्यासारखं दिसायचं. साहेब खूश होते, मी तर फारच खूश होतो.

त्याच सुमाराला डोळे दाखवायला मी सोनाकाकीला एसटीने गुहागरला नेत होतो. घर त्याच रस्त्यावर. मी तिला मुद्दाम खिडकीशी बसवलं आणि घर आलं तसं म्हटलं, "काकी, हे बघ. हे मी बांधलंय."

तिने मान वळवून, गाडी पुढे जाईपर्यंत, बारीक डोळ्यांनी पाहिलं. केवढी बाग, केवढं फाटक, आणि भिंती नागव्या. तिचा चेहरा पडला.

"बिचारे," ती म्हणाली. "गिलाव्याला पुरलं नाय वाटतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आपला चुना उरलाय, बाला. न्या म्हनावं. लाजू नका म्हनावं."

मी साहेबांना तो निरोप दिला नाही. पण काकीने परत येताना त्या फाटकापाशी गाडी थांबवायला कंडक्टरला सांगितलं होतं, आणि मी तिला खाली उतरू दिलं नाही, म्हणून ती वाडीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.